झारेकरी

बाप पहाटे चारला निघायचा.
दागिना बाजाराच्या मागच्या गल्लीत,
कारखान्यांच्या जिन्याखाली उकिडवा बसून
तारेच्या ब्रशानं गटाराची कड खरवडायचा.
मुंबादेवीची पहिली घंटा व्हायच्या आत
एक घमेलं काळा चिखल.
मग पाणी, मग पारा, मग धूर सोडणारं तेजाब,
आणि मुशीच्या तळाशी शेवटी
मोहरीएवढा पिवळा ठिपका.
"बघ नले," म्हणायचा, "लोकांच्या पायाखालचं आहे."

डाव्या हाताची दोन नखं नव्हती त्याला.
ती तेजाबाच्या हिशेबात गेली.

मी मरोळला कामाला लागले.
दारातच चिकट पायपुसणं, चपलेची धूळ तिथं सोडायची,
वर टोपी, मास्क, हातमोजे.
धूळ म्हणजे वाया गेलेला अख्खा दिवस.
हे घरी सांगितलं तेव्हा
बापाचा घास हातात थांबला.
"धूळ टाकता? कुठं टाकता?"

बाहेर हवा पिळून घ्यावी इतकी ओली,
आत वीस टक्के. ओठ फुटतात.
तिथं मी सोनं शिजवते. खरंच, शिजवतेच.
काचेचं भांडं आधी त्याच तेजाबानं धुते,
बापाच्या सदऱ्याचा वास येतो,
मी मास्क घट्ट करते.
पाण्यात सोन्याचा क्षार, उकळी,
मग सायट्रेट, लिंबाच्या नात्यातलं काहीतरी.
आधी पिवळेपणा निघून जातो,
पाणी क्षणभर कोरं,
मग दौत लवंडल्यासारखं, मग जांभळं,
आणि मग सावकाश
कोकमाच्या आगळासारखं लाल.

गिंडे मॅडम म्हणतात, कण फार लहान झाला
की उजेडाशी त्याचं वागणंच बदलतं.
तोळा, मासा, गुंज.
गुंजेच्या खाली बापाकडे एकच माप होतं: नशीब.
माझ्याकडे नॅनोमीटर आहे.
एका केसाच्या जाडीत माझे दोन हजार कण
मांडीला मांडी लावून बसतील.

एकदा उरलेलं थोडं बाटलीतून घरी नेलं.
त्यानं ट्यूबलाइटपुढे धरलं, हलवलं,
कसोटीचा दगड काढला, परत ठेवला.
पाण्याला कस कसा लावणार?
"आपल्यात म्हणतात सोन्याहून पिवळं," तो म्हणाला.
"हे काय, रक्त?"
तरी बाटली देवळीत ठेवली,
आईच्या करंड्याशेजारी.

मार्चमधली रात्र. घाम, जबडा दुखतोय,
"गॅस असेल" असं चारदा म्हणून झालं.
केईएमच्या कॅज्युअल्टीत पडवळ सिस्टरनं बोट टोचलं,
पट्टीवर थेंब सोडला.
पट्टी आमचीच. लॉट नंबर ओळखला मी,
जानेवारीतला, माझ्या हातचा.
पहिली रेष उठली, ती उठतेच.
मी दुसऱ्या रेषेकडे बघत राहिले.
कामावर ती गडद आली की आम्ही खूश होतो,
गडद म्हणजे माल चांगला.
नऊ वर्षांची सवय, मान आपसूक डोलणार होती.
ती आली. बारीक. कोकमी.
जन्मभर ज्यानं सोनं हुडकलं
त्याच्या रक्तात शिरून
सोन्यानं त्याचं दुखणं हुडकलं होतं.
मी मान हलवली नाही.

तिसऱ्या दिवशी नळ्या निघाल्या, आवाज फुटला.
पहिलं वाक्य:
"ती पट्टी कुठाय?"
पडवळ सिस्टर म्हणाल्या, लाल पिशवीत गेली, काका.
त्यानं मान वळवून कोपऱ्यातल्या पिशवीकडे पाहिलं,
तो बाजारातल्या गटाराकडे बघायचा तसं.
"रोज किती जातात अशा?"

बाबा, मी म्हटलं, हजार पट्ट्या जाळल्या
तरी मोहरी भरायची नाही.

सलाइन लावलेल्या हाताची बोटं
चादरीवर हळूहळू काहीतरी मोजत होती.
"गटारातही भरत नव्हती," तो म्हणाला,
"पहिल्या घमेल्यात."